फळीखालची वीट

मुलांनो, कल्पना करा, जमिनीपासून वीतभर उंच फळी आहे. तिच्याखाली काहीतरी लपवलंय. हात घालायचा नाही, वाकून पाहायचं नाही. फक्त गोट्या सोडायच्या आणि त्या कुठून बाहेर येतात ते पाहून आतली वस्तू ओळखायची.

अमरावतीच्या राजापेठेतल्या शाळेत सातवीतली नगमा हेच करून दाखवत होती. अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेचा एकच प्रयोग जाणार होता आणि तो ठरवायला गोवर्धन सर समोर बसले होते. अणूच्या गाभ्यावर न्यूट्रॉन सोडले, की ते कसे विखुरतात यावरून शास्त्रज्ञांनी गाभ्यातलं बल ओळखलं, असं सरांनीच वर्गात सांगितलं होतं.

नगमानं घरून आणलेली वीट तिची मैत्रीण आचल हिनं फळीखाली ठेवली होती. पण गोट्या विटेवर आपटून परत येईनात. काही आतच अडकल्या, एक वळून भलतीकडून निघाली.

सरांनी फळी उचलली. विटेला जाड कापूस गुंडाळलेला. नगमाचे वडील इनायतुल्ला पिंजारी. शेतात काही पिकलं नाही म्हणून त्या वर्षी गावोगावची लग्नं पुढे गेली होती, गाद्या भरून घ्यायला कुणी येत नव्हतं. पिंजलेला कापूस घरात पडून होता. घरातली प्रत्येक वस्तू कापसात बांधायची सवय, तशीच वीटही बांधून आली.

“विटेची गादी केली हिनं,” आचल हसली. “आता उशी पण आण.”

सरांनी कापूस काढायला सांगितलं. नगमा मात्र गोट्यांच्या वाटा दाखवायला फरशीवर ओढलेल्या खडूच्या रेघांकडे बघत होती. तिचा आवाज चढला.

“थांबा सर. हे पाहा, गोटी बाजूनं गेली तं सरळ गेली, तिले काहीच झालं नाही. कापसाले जराशी शिवली, अन् लगेच विटेकडे वळली. तुमी गाभ्याचं सांगितलं तसंच. दुरून काहीच नाही, जवळ गेलं का ओढून घेते.”

सर वाकले. कापूस गोटीचा वेग खातो, गाभ्यातलं बल असं घासून काम करत नाही, हे त्यांनी बजावलं. पण रेघा वाचायची रीत तीच, हेही मान्य केलं. मग त्यांनी तिला पाठमोरं उभं केलं आणि फळीखाली स्वतः काहीतरी ठेवलं. ओळखलंस तर अकोला, म्हणाले.

नगमानं गोट्या सोडल्या, रेघा ओढल्या. मग फळीवर खडूनं एक गोल काढला आणि त्याच्याबाहेर दुसरा मोठा. आतला वस्तूचा, बाहेरचा कापसाचा.

फळी उचलली. खाली कापसात गुंडाळलेला गोल पितळी डबा होता, तिनं काढलेल्या गोलापासून फार तर बोटभर इकडेतिकडे.

सरांनी आचलला अकोल्याच्या गाडीची वेळ विचारून यायला सांगितलं. नगमाचं लक्ष नव्हतं. तिनं डब्यावर कापसाचा आणखी एक थर चढवला, फळी परत ठेवली आणि पहिली गोटी सोडली.