सोनियाचं 'नाही'

पेंढी उचलली की सोनिया म्हणायची "ना", आणि फळीवर आपटली की "ही". भात झोडता झोडता अख्खी सकाळ हेच. मी शेजारच्या खळ्यावर. माझे कान किटले.

"आगं, त्यापरीस देवाचं नाव घे," मी म्हटलं.

"काकू, 'नाही'च्या जागी 'न्हाई' लिवलं की मॅडम लाल गोल करत्यात. गावात दवाखाना न्हाई, येळंवर यष्टी न्हाई. सगळ्या निबंधात गोलच गोल."

हायस्कुलात नववीच्या पोरांची लिहिण्या-वाचण्याची चाचणी सोमवारवर आली होती. तिच्या बापानं, सर्जेरावानं, सांगून ठेवलेलं: नापास झालीस तर शाळा बंद, सारोळ्याला आत्याच्या हॉटेलात भाकऱ्या थापायच्या. सर्जेराव मनानं वाईट नाही, पण त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. सुट्टीत पोरीनं ते हॉटेल पाहिलं होतं. चुलीपुढून हायवे दिसायचा, पण उठून दारापर्यंत जायला कुणी द्यायचं नाही.

तिची आई सरूबाईसुद्धा मग "ना-ही" म्हणत झोडायला लागली. मायलेकींचा ताल असा जमला की मला हसूही येई आणि पोटात तुटेही.

सोनिया पास झाली. कागदावर एकही लाल गोल नव्हता. ती पळत घरी आली तेव्हा मी त्यांच्यात पेंढा रचू लागत होते. सर्जेरावानं कागद खालीवर करून पाहिला.

"झ्याक. म्हंजी तुला आता लिवाय-वाचाय आलं."

"व्हय, आण्णा."

"मग झालं की. आता शाळंत काय ऱ्हायलंय? आत्याला गिऱ्हाइकाची आर्डर लिवून घ्यायला मानूस पायजेच हाय. भाकऱ्या न्हाई थापायच्या तुला. उद्याच जाऊ."

नापास झाली असती तर चूल, पास झाली तर आर्डर. हॉटेल तेच. सरूबाईनं तोंडाला पदर लावला. माझा तर संताप संताप झाला, पण दुसऱ्याच्या घरात बोलणार काय?

सोनिया ताठ उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. ह अगदी मोकळा.

आता पोरीच्या कानाखाली बसणार म्हणून मी पुढं झाले. पण सर्जेराव मिशीत हसला.

"ऐकलं का, वैनी? कसं सुद्द बोलाय लागलीय."

आणि आत्याला फोन लावायला मोबाईल घेऊन अंगणात गेला.