मांडुळाचा कौल

रविवारी सकाळी दहालाच आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या त्या शांत गल्लीत गाड्यांची रांग लागली. २०२१ चा मे महिना. बागेत एका वेळी सहाच माणसांना परवानगी, त्यामुळे बाकीचे मास्क लावून गाडीतच बसून होते. कुणी डब्लिनहून आलं होतं, कुणी थेट एनिसहून. प्रत्येकाचं कुणी ना कुणी भारतात कोविडने आजारी पडलेलं, आणि इथून उठून जायची सोय नाही.

बागेतल्या लाकडी शेडमध्ये टेबलावर एक लांबट काचेची टाकी होती. आत चार बोटं वाळू. उजव्या टोकाला झेंडूचं फूल, डाव्या टोकाला कोळसा आणि मधोमध दोन फुटी, तपकिरी, जाडजूड मांडूळ.

"दोन तोंडांचा देव हाय ह्यो," मुरलीधरकाका डोळे मिटून म्हणाले. "एक तोंड आयर्लंडकडं, एक इंडियाकडं. त्याला समदं दिसतंय. फुलाकडं गेला तर उजवा कौल, कोळशाकडं गेला तर डावा. पर देवाला घाई चालत न्हाई. स्तोत्र म्हना."

स्तोत्र अर्धा तास चालायचं. प्रश्न मात्र आदल्या दिवशीच फोनवर सांगावा लागे. देवाला विचार करायला वेळ नको का?

शेडच्या दाराशी विनय उभा होता. शेड त्याचं, टाकी त्याची, मांडूळही त्याचंच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करताना जीव विटला, तेव्हा एका हौशी पाळणाऱ्याकडून त्याने हे पिल्लू आणलं. काचेच्या टाकीतच जन्मलेलं, गरीब, चावायचं नाव न काढणारं. त्याला तोंड एकच होतं. दुसऱ्या टोकाला होती ती बोथट शेपूट. डोक्यासारखी दिसते म्हणून शत्रू फसतो. आपल्याकडे माणसंच फसतात. धन सापडेल म्हणून गावोगाव मांडुळं पकडतात, विकतात, मारतात. हे सगळं विनयला पाठ होतं.

काका म्हणजे त्याच्या शेजाऱ्याचे वडील. सांगलीकडे सोसायटीचे चेअरमन होते, त्यांच्या शब्दावाचून पान हलत नसे. मुलाकडे आले आणि विमानं बंद होऊन अडकले. इथे त्यांना कुणी विचारेना. एकदा विनयने त्यांना गंमत दाखवली. टाकीखाली दोन्ही टोकांना उबेच्या चटया होत्या. एक बंद करून दुसरी मोबाइलवरून चालू केली की मांडूळ वाळूतून सरकत उबेला जायचं. साप थंड रक्ताचा. ऊब त्याला बाहेरूनच घ्यावी लागते. काकांनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा मोबाइल स्वतःच्या हातात घेतला.

काकांनी पहिला कौल लावला तेव्हा विनय हसला होता. दुसऱ्यांदा म्हणाला, "काका, हे बरं नाही."

"आरं, मी कुनाला वंगाळ सांगतो का? उजवाच कौल देतो. मानसं रातीला झोपत्यात."

तेही खरंच होतं. शिवाय, विनयने मनाशी कबूल केलं नाही तरी, दुकानात भेटलेले लोक आता त्याला थांबवून नमस्कार करत. तो गप्प राहिला. मांडूळ दोन आठवडे खात नव्हतं, कारण कौलाच्या आधी काका त्याला रात्रभर गारठ्यात ठेवायचे. त्यावरही तो गप्पच राहिला.

त्या रविवारी रोहिणीचा नंबर होता. इथेच शिकून नोकरीला लागलेली मुलगी. तिचे वडील कऱ्हाडला होते, ऑक्सिजन एक्याण्णव. डॉक्टर ॲडमिट करा म्हणाले होते. तिच्या भावाने, संजीवने, एक बेड मिळवलाही होता. दवाखाना तो संध्याकाळपर्यंतच ठेवणार होता. पण आत गेलेला माणूस दिसत नाही, आणि शेजारचे दोघं गेले ते परत आले नव्हते. घरी ठेवायचं की न्यायचं?

काकांचा उजवा कौल म्हणजे 'घरीच बरे होतील'. मांडूळ हळूहळू वाळूत शिरलं, आणि झेंडूपाशी डोकं वर आलं. रोहिणीने हात जोडले आणि तिथल्या तिथे फोन लावला. "संजीव, बेड सोडून दे. बाबा घरीच राहू देत."

विनय तिच्यापासून चार पावलांवर होता. तिला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. त्याला वाटलं, सगळ्यांसमोर काकांचा अपमान होईल, आपलाही. फोन संपला.

बुधवारी ऑक्सिजन बहात्तरवर आला. बेड शोधता शोधता गुरुवार गेला. शुक्रवारी बाबा गेले.

शनिवारी विनय आणि त्याची बायको इशिता डबा घेऊन रोहिणीकडे गेले. ती लॅपटॉपसमोर बसली होती. अंत्यसंस्कार तिने त्याच्यावरच पाहिले होते.

"देवाने तर उजवा कौल दिला होता," ती म्हणाली. "माझीच श्रद्धा कमी पडली. स्तोत्र म्हणताना माझं लक्ष नव्हतं, विनयदादा. मी सारखी घड्याळ बघत होते."

परतताना गाडीत इशिता म्हणाली, "ती जन्मभर हेच म्हणत राहणार. आणि तुला माहितीये की ते खरं नाही."

रविवारी पुन्हा रांग लागली. विनयने रोहिणीला बोलावून घेतलं होतं. काकांनी डोळे मिटले, तेवढ्यात तो पुढे झाला. त्याने फूल आणि कोळसा दोन्ही काढून टाकले. "रोहिणी, वाळूत हात घाल. आधी डावीकडे. आता उजवीकडे."

तिने घातला. "इकडे गरम आहे."

विनयने टाकी उचलली आणि खालच्या चटया, वायरी, मोबाइलवरची कळ, सगळं दाखवलं. मग डावी चटई चालू करून उजवी बंद केली. स्तोत्र नाही, मंत्र नाही. अर्ध्या तासाने मांडूळ डावीकडे जाऊन पडलं.

"म्या धीरच दिला लोकास्नी," काका पुटपुटले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"हा देव नाही," विनय म्हणाला. "गारठलेला साप आहे. याला तुझे वडील माहीत नाहीत, कऱ्हाड माहीत नाही. तुझी श्रद्धा कमी पडली नाही, रोहिणी. आम्ही तुला फसवलं."

"त्या दिवशी, मी फोन करत होते तेव्हा, तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू तिथेच उभा होतास."

"हो."

दवाखान्यात नेलं असतं तर ते वाचले असते का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तो निर्णय डॉक्टरच्या सल्ल्याने व्हायला हवा होता, आणि तो झाला एका चटईच्या बटणाने.

"मी तुला माफ करेन की नाही, मला माहीत नाही," रोहिणी म्हणाली. मग ती गाड्यांकडे वळली आणि काचा खाली करायला सांगून एकेकाशी बोलू लागली. "तुमच्या घरी कोण आजारी आहे? ऑक्सिजन किती? डॉक्टर काय म्हणाले? मग तेच करा. आत्ता फोन लावा, मी थांबते."

विनय तिच्या मागे चालत होता. प्रत्येक गाडीपाशी तो पुन्हा पहिल्यापासून सांगत होता, काय केलं आणि कसं केलं. दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. बहुतेकांनी तिथूनच घरी फोन लावले होते.