साळवे सरांचा शेवटचा प्रश्न

हमीदचाचा आणि साळवे सर यांचं भांडण मी अकरा वर्षं टाईप केलं. भोईवाडा कोर्टासमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. घटस्फोटाचे अर्ज, भाडेकरूंचे दावे, नाव बदलल्याची प्रतिज्ञापत्रं, आणि दर गुरुवारी या दोघांचं एक पान. एका गुरुवारी एकाचा प्रश्न, पुढच्या गुरुवारी दुसऱ्याचा जबाब.

हमीद परकार मूळचे चिपळूणकडचे, समोरच्याच कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. साळवे सरांनी मला म्युनिसिपल शाळेत गणित शिकवलं होतं. रविवारी ते चर्चमध्ये उपदेश करायचे. आधी दोघं टपरीवर चहा पिताना तोंडीच वाद घालायचे. एकदा कुणीतरी मोबाईल काढून शूटिंग करायला लागलं, चार टाळकी जमली, त्यातल्या दोघांनी बाह्या सरसावल्या. चाचांनी लगेच हात वर केला. "बास. आजपासून कागदावर. कागदाला आवाज नसतो." कोर्टातल्या माणसाला कागदाशिवाय दुसरं काय सुचणार?

प्रभू येशू वधस्तंभावर मेला आणि आपल्यासाठी मेला, हे सरांचं पहिलं आणि शेवटचं म्हणणं. चाचा म्हणायचे, येशू म्हणजे आमचे ईसा अलैहिस्सलाम, मोठे पैगंबर, त्यांचं नाव आम्ही अदबीनेच घेतो, पण त्यांना कुणी मारू शकलंच नाही, अल्लाहने त्यांना वर उचलून घेतलं. सर लिहायचे, पापाचं ओझं माणसाला उचलवत नाही, म्हणून देवाच्या पुत्राने ते उचललं. चाचा उत्तर द्यायचे, अल्लाह एक आहे, त्याला पुत्र नाही, आणि ओझं ज्याचं त्यानेच न्यायचं. मी बौद्ध. मला दोघांचाही देव पटत नाही आणि तसं मी तोंडावर सांगायचे. "तू टाईप कर," दोघं एकदमच म्हणायचे. तेवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं.

यंदा सरांना पोटाचा कॅन्सर निघाला. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, प्रितीला, बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. त्या गुरुवारी सरांनी मला बोलावून घेतलं आणि उशीवर पडल्या पडल्याच प्रश्न सांगितला. अकरा वर्षांतला सगळ्यात छोटा.

"हमीद, मी मेल्यावर तू तुझ्या अल्लाहकडे माझ्यासाठी क्षमा मागशील का?"

मी तो चाचांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला. पुढच्या गुरुवारी दुकानात येऊन म्हणाले, "तारीख घे." जबाब तयार नसला की पुढची तारीख घ्यायची, असा त्यांचा नियम होता. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच.

"चाचा, सर मरतायत," मी म्हटलं. "तारीख कसली मागता?"

"काय लिवू गो बाय?" ते स्टुलावर बसले. "जो इस्लामवर ईमान न आणता गेला, त्याच्यासाठी माफी मागायला आम्हाला बंदी आहे. आपल्या सख्ख्या माणसासाठी पण नाय. कोणाला विचारायचं बाकी ठेवलं नाय मी. सगळे तेच सांगतात."

"मग हो लिहून मोकळे व्हा ना. बघायला कोण येतंय?"

"अकरा वर्षांत एक ओळ खोटी लिवली असती, तर कवाच जिंकलो असतो."

एवढं बोलून गेले. तिसऱ्या गुरुवारी आलेच नाहीत, फोनही उचलला नाही. माझं डोकं फिरलं. एक माणूस खाटेवर वाट बघत पडलाय आणि हे नियम घेऊन बसलेत! मी मशीनसमोर बसले आणि चाचांच्या नावाने जबाब टाईप केला. अकरा वर्षं त्यांची वाक्यं माझ्या बोटांखालून गेली होती, त्यामुळे जमलाही झकास. 'साळवे, दर नमाजनंतर मागीन. हयातभर मागीन.' टाईप करताना माझेच डोळे भरून आले. पुण्याचं काम करतेय असंच मला वाटत होतं.

सरांनी चष्मा लावून ते पान वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. वर्गात कुणी कॉपी केली की ते असंच बघायचे.

"हे हमीदचं नाही."

"सर, त्यांनीच..."

"संघमित्रा, हमीद असं लिहिणारा असता, तर मी अकरा वर्षं कशाला लिहीत बसलो असतो?" त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "म्हणजे त्याने उत्तर दिलंच नाही." आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिथून मी तडक शीवला चाचांच्या मुलाच्या घरी गेले. दारातच सगळं सांगून टाकलं, अगदी खोटा जबाब टाईप केला तेसुद्धा. चाचांचा आवाज चढला. "माझ्या नावानं? त्याला वाटलं असेल की मी खोटं बोललो."

"नाही वाटलं. त्यांना वाटलं तुम्ही तोंड लपवलंत. आणि ते खरं आहे."

चाचांनी टोपी घातली, चपला चढवल्या आणि माझ्याबरोबर निघाले.

वॉर्डात शिरल्यावर ते खाटेजवळ उभेच राहिले. "साळवे, जबाब द्यायला आलोय. तू गेल्यावर मला तुझ्यासाठी माफी मागता येणार नाय. मागणार नाय. तुला खोटं सांगून पाठवणार नाय."

"माहीत होतं मला," सर म्हणाले. "आमच्यातही मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की तो आणि प्रभू. चाळीस वर्षं मीच शिकवलं हे लोकांना." त्यांनी चाचांकडे मान वळवली. "आता भीती वाटते रे हमीद. कुणीतरी मागून काहीतरी बोलत राहावं असं वाटतं."

चाचा खाली बसले. सरांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "गेल्यावर बंदी आहे. जिवंत माणसासाठी नाय. आजपासून रोज येतो. तू आहेस तवर मागतो."

"काय मागशील?"

"अल्लाह तुला बरं करो. आणि तुला सरळ रस्ता दाखवो."

"म्हणजे मी मुसलमान व्हावं."

"होय. अकरा वर्षं तेच मागतोय."

सर हसले, हसता हसता त्यांना खोकला आला. "मीही रोज तेच मागतो. तुला प्रभूने आपला करावा म्हणून." मग दोघंही रडायला लागले. मी प्रितीला घेऊन बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले.

चाचा नऊ दिवस आले. दुपारची असरची नमाज आटोपून यायचे, खाटेशी बसायचे, दोन्ही तळवे वर करून ओठांतल्या ओठांत मागत राहायचे. सरही डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. दोघं एकमेकांना आपल्या बाजूला ओढत होते आणि मला, देव न मानणारीला, त्या खाटेजवळून उठवत नव्हतं.

दहाव्या दिवशी चाचांचे हात वर असतानाच सरांचा श्वास थांबला. नर्सने नाडी बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि प्रितीकडे बघून मान हलवली.

चाचांचे ओठ थांबले. मधल्याच शब्दावर थांबले. मग त्यांनी हळूहळू दोन्ही हात खाली घेऊन मांडीवर ठेवले.

"पुरं तरी करा ना," मी म्हटलं. "एवढं अर्धं राहिलेलं."

"आता नाय." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बायबल छातीशी धरून प्रिती नुसती उभी होती.

मग चाचांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्यात माणूस गेल्यावर काय म्हणतात गो?"

"बुद्धवंदना म्हणतात. पण चाचा, आमच्यात आत्मा नाही, माफ करणारा कुणी नाही. ती कुणाकडे मागायची गोष्ट नाही."

"पण मेलेल्याजवळ म्हणायला बंदी नाय?"

"नाही."

"मग तू म्हण. त्याला कुणीतरी बोलत राहायला हवं होतं."

मी प्रितीकडे बघितलं. तिने मान डोलावली. आई गेली तेव्हा म्हटली होती, त्यानंतर वंदना माझ्या तोंडात आली नव्हती. मी हात जोडले आणि सुरुवात केली. मध्ये एकदा चुकले, मग पुन्हा पहिल्यापासून म्हटली. चाचा उठले आणि ती संपेपर्यंत उभे होते.