आवाज नसलेला स्फोट

आपला माणूस अवकाशात जाऊन आला त्या वर्षी कांदिवलीच्या चाळीत गणपतीपुढे अवकाशयानाच्या स्फोटाचा देखावा करायचं ठरलं. दत्ताराम कधी चारचौघांत तोंड उघडत नसे. त्या बैठकीत मात्र उघडलं.

"वर हवा नाही, म्हणून आवाज नाही. धूरसुद्धा वर चढत नाही. लखकन उजेड पडतो आणि तुकडे चहूकडे सरळ सुटतात. थांबतच नाहीत."

"आवाज नाय तर स्फोट कसलो?" चिटणीस कुंडलिक म्हणाला. "लोक म्हणतीत, फुसको बार."

सगळे हसले. दत्ताराम हटला नाही. शेवटी कुंडलिकने हात टेकले. "बरा. बक्षीस गेला तर तुझ्या डोक्यार."

महिनाभर शेवंतीने घरात हेच ऐकलं. भाकरी थापताना ती नवऱ्याला म्हणायची, "कळलं हो, आवाज नाही. आता तुम्हीही जरा करू नका."

परीक्षक आले त्या संध्याकाळी दत्ताराम काळ्या पडद्यामागच्या प्लायवूडच्या खोक्यात शिरला. पोरं डोकावतात म्हणून खोक्याला बाहेरून कडी घालायची रीत होती. त्याने खटका दाबला. उजेड फाकला, दोऱ्या सुटल्या, चंदेरी तुकडे पसरले. बाहेर चिडीचूप. त्याचा ऊर भरून आला.

मग जळका वास आला. दिव्याला टेकलेला थर्माकोल वितळत होता. खटका चिकटला होता, दिवा विझेना. काळा धूर खोक्यात कोंडू लागला. हाक मारावी, तर परीक्षक अजून समोर उभे. आयुष्यात एकच गोष्ट मनासारखी झाली होती. त्याने तोंडावर रुमाल दाबला. जातील आता, जातील.

कोणी जाईना. छाती फुटायला आली तेव्हा त्याने दोन्ही मुठींनी प्लायवूड बडवलं. धाड, धाड.

बाहेर टाळ्या पडल्या.

"बघा," कुंडलिकचा आवाज आला, "शेवटाक आवाज घातल्यानच."

त्याने पुन्हा बडवलं. टाळ्या वाढल्या. घशातून शब्द निघेना.

बायकांच्या रांगेतून शेवंती उठली. "कडी काढा."

"वैनी, खेळ चालू आसा."

"आमचे हे आवाज करणार नाहीत," ती म्हणाली आणि परीक्षकांना बाजूला सारत पडद्यामागे गेली.

कडी निघाली तसा धुराच्या लोटाबरोबर दत्ताराम तिच्या अंगावर कोसळला. कुंडलिक मेन स्विचकडे धावला.

"दिसलं का गं नीट?" खोकत खोकत दत्तारामने विचारलं.

"दिसलं. आधी पाणी प्या."