नावातली फट

प्रमथेश भादुडी आयुष्यभर 'नाही' म्हणत आले होते. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवताना म्हणाले, बाजारात मासेवाल्याला म्हणाले, दुर्गापूजेच्या कमिटीत म्हणाले, लग्नाची बोलणी चालू असताना खुद्द सासऱ्यांना म्हणाले. चंदननगरच्या त्यांच्या गल्लीत कुणाला एखाद्या गोष्टीची फार खात्री वाटू लागली की लोक म्हणत, "जा, भादुडीबाबूंना सांगून ये. उतरेल."

चैत्र संपता संपता एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला आणि पाठोपाठ ते स्वतः. जीव वाचला. उजवा हात लुळा झाला, उजवा पाय फरफटत राहिला, आणि बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं, डोकं पूर्वीसारखं चालायचं, पण तोंड उघडलं की कसलाही विचार मनात असो, एकच शब्द बाहेर पडायचा.

"बरं."

नको म्हणायला जावं तर बरं. पाणी मागावं तर बरं. चिडून ओरडावं तर मोठ्याने बरं. मान आणि डावा हातसुद्धा त्या शब्दाच्या मागोमाग खाली जायचे, बैलाच्या मागे गाडी जावी तसे. अक्षरं डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी पळत, त्यामुळे लिहून दाखवण्याची सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, धीर धरा. आणि घरातली माणसं धीर धरायच्या आधीच त्या शब्दाला सरावली.

पत्नी लतिका विचारायची, "आज पेज देऊ? भात जड होईल."

"बरं," प्रमथेश म्हणायचे, आणि पेज यायची.

बेंगळुरूहून मुलाचा, सौम्यदीपचा, फोन आला. लतिकाने तो त्यांच्या कानाजवळ धरला. "बाबा, मी सांगतो ते ऐका. पूजा झाली की तुम्ही दोघं इकडेच या. घर भाड्याने देऊन टाकू. चालेल ना?"

प्रमथेशनी सगळा जीव एकवटला. कपाळावर घाम आला.

"बरं."

"बघ आई! बाबा तयार आहेत. तू उगाच घाबरत होतीस."

लतिकाने पदराने त्यांचं कपाळ पुसलं. तिला वाटलं, माणूस किती मऊ झाला.

या सगळ्यात एक काम अर्धं राहिलं होतं. प्रमथेशांचा जुना मित्र अनादी कुंडू याचा गल्लीच्या तोंडाशी छापखाना होता. अनादी विज्ञानकथांचं एक छोटं मासिक काढायचा, आणि त्याच्या पूजा अंकात दरवर्षी प्रमथेशांची कादंबरिका असायची. या वर्षीची कादंबरिका एका दूरच्या ग्रहावरच्या लोकांची होती. हे लोक कशावरच एकमत होऊ देत नाहीत. सूर्य उगवला की नाही यावरही त्यांच्यात रोज दोन बाजू पडतात. वाद संपला की माणूस संपतो अशी त्यांची समजूत, म्हणून मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्याशी भांडतात, तो जाऊ नये म्हणून.

शेवटचं प्रकरण सोडून सगळं लिहून झालं होतं. फक्त नावं नव्हती. जिथे नाव यायचं तिथे प्रमथेशनी आडवी रेघ मारून ठेवली होती. नाव शेवटी ठेवायचं ही त्यांची पद्धत. त्या नावांबद्दल ते अनादीशी फाल्गुनभर भांडले होते.

"त्यांची नावं आपल्यासारखी सरळ म्हणता येणारी नसणार," ते म्हणाले होते. "नावाच्या मध्येच एक फट हवी. अर्धं नाव घेतलं की थांबायचं. कारण ज्याचं नाव, त्याला तिथे हरकत घ्यायची सोय पाहिजे. तो म्हणेल, मी आज तो नाहीच."

"आणि त्याने हरकत घेतली तर?"

"तर पुढचं नाव घ्यायचंच नाही. आधी भांडायचं."

"वाचकाची जीभ अडखळेल, प्रमथ."

"अडखळू दे की! दुसऱ्याचं नाव घेताना जरा अडखळलेलं बरं असतं."

झटक्यानंतर अनादी रोज दुपारी येऊ लागला. येताना मुडी, म्हणजे कुरमुरे, आणि चणे आणायचा, खुर्ची ओढून बसायचा आणि आवाज मऊ करून बोलायचा. पूर्वी याच खोलीत तो प्रमथेशांवर छत्री उगारायचा. आता म्हणायचा, "हो रे, तुझंच खरं. तू म्हणशील तसं." प्रमथेश काहीच म्हणालेले नसायचे. आजारपणातलं सगळ्यात वाईट काय, असं कुणी विचारलं असतं आणि सांगता आलं असतं, तर त्यांनी हात-पाय सांगितले नसते. सगळे माझ्याशी सहमत झालेत, हे सांगितलं असतं.

आषाढात अंक जुळवायची वेळ आली तेव्हा अनादीने भीत भीत विषय काढला. "प्रमथ, ती नावं मीच ठेवली तर? अंक अडकलाय. बघ, पुढाऱ्याचं नाव तर्कारी. बायकोचं वादिनी. म्हाताऱ्याचं विवादेश्वर. कसं वाटतं?"

प्रमथेश मनातल्या मनात भडकले. दुसऱ्या सूर्याखाली जन्मलेले लोक, आणि नावं संस्कृतच्या पंडितांनी बारशाला सुचवावीत तशी! शिवाय म्हटली की संपली. हरकतीला तीळभर जागा नाही.

"बरं," ते म्हणाले.

अनादीचे डोळे भरून आले. "मला वाटलं तू मला खाऊन टाकशील," तो म्हणाला आणि त्यांचा लुळा हात थोपटून छापखान्यात गेला. ती पूर्ण संध्याकाळ प्रमथेश भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. लतिकाने दोनदा विचारलं, दुखतंय का? दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं.

चार-सहा दिवसांनी अनादी जुळवलेली पानं घेऊन आला. ओल्या शाईचा वास खोलीत पसरला. त्याने चष्मा लावला, मुडीची वाटी मित्राच्या डाव्या हाताशी ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. "तर्कारी सभेत उठून उभा राहिला..."

प्रमथेशांच्या घशात संताप आणि मुडी एकदमच अडकली. ठसका लागला. चेहरा लाल झाला, आणि छातीच्या तळातून एक आवाज निघाला, "घ्रख्!"

"बौदी! पाणी!" अनादी वहिनीला हाक मारत ओरडला.

लतिका धावत आली, पाठ चोळली, पाणी पाजलं. ठसका ओसरला. प्रमथेश मात्र डोळे विस्फारून बसले होते. तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. तो कुठल्याही भाषेतला शब्द नव्हता, म्हणूनच बहुधा 'बरं'ने त्याला दारात अडवलं नव्हतं. त्यांनी हळूच पुन्हा करून पाहिला. घ्रख्. आला.

"नको रे, ताण नको देऊ घशाला," अनादी म्हणाला. "पाणी पी. वाचू पुढे? तर्कारी सभेत..."

"घ्रख्!"

अनादी थांबला. चष्म्यावरून पाहू लागला. मग मुद्दाम, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "तर्...का..."

"घ्रख्!" प्रमथेशनी डावा हात पानावर आपटला. मुडी जमिनीवर सांडली. मग त्यांनी बोट वर केलं, थांब अशी खूण केली, श्वास घेतला आणि ओठ गोल करून दुसरा आवाज काढला, "ठो." बोट खाली आलं.

घ्रख्... ठो.

अनादीने पानं खाली ठेवली. "हे... हे नाव आहे?" तो म्हणाला. "मधे फट आहे. प्रमथ, तू त्या दिवशी बरं म्हणालास तेव्हा तुला हे तर्कारी आवडलं नव्हतं?"

"घ्रख्!"

"मग तसं सांगायचं ना, गाढवा!" अनादी भान सोडून ओरडला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. कित्येक महिन्यांत त्या घरात प्रमथेशांना कुणी गाढव म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा एका बाजूने वाकडा हसला, आणि दुसऱ्या बाजूच्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सोपं नव्हतं. कधी एका नावासाठी दुपार जायची. कधी घसा बंदच व्हायचा आणि प्रमथेश वाटी भिरकावायचे. घशातून, टाळूतून, दातांच्या मागून ते आवाज शोधून आणत आणि अनादी ते कानाने पकडून लिहायचा प्रयत्न करायचा. ड्झॉ... म्ह. रुक्क... णा. एक नाव तर नुसता आत ओढलेला श्वास होतं. त्यावरून मोठीच जुंपली.

"श्वास कसा छापणार? माझ्या छापखान्यात श्वासाच्या अक्षराचा खिळा नाहीये!" अनादी म्हणाला. प्रमथेशनी पुन्हा श्वास ओढला. "नाही म्हणजे नाही! वाचकाला वाटेल छपाईची चूक आहे!" पुन्हा श्वास. अनादीने छत्री उचलली, "मर तिकडे," म्हणाला आणि तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तोच दारातून बोलत, "काल माझंच बरोबर होतं. आणि का ते आता सांगतो."

त्या वादात शेवटी अनादी जिंकला. श्वासाचं नाव गाळलं गेलं.

लतिका हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. पहिले काही दिवस तिला बरं वाटलं, नवऱ्याच्या अंगात जरा जीव आला म्हणून. मग एका दुपारी ती कांदा चिरता चिरता थांबली. तर्कारीला दिलेलं 'बरं' खोटं होतं, तर मग पेजेला दिलेलं? झोपेच्या गोळीला? ज्या भाडेकरूला घर दाखवून झालं, त्याला?

अनादी गेल्यावर ती आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"अहो, एक विचारते. तुम्हाला पेज नको असायची का?"

"घ्रख्," ते म्हणाले. चेहरा इतका दीनवाणा केला की तिला हसू आलं. पण पुढचं विचारताना तिचा आवाज खाली गेला.

"आणि बेंगळुरू? सौम्यकडे जायचं?"

या वेळी प्रमथेशनी आधी मान वळवली. खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचं आयुष्य याच गल्लीत गेलं होतं, नदीही चालत जाण्याइतकी जवळ होती. मग तिच्याकडे वळून त्यांनी तो आवाज काढला, अगदी हलक्याने, पण स्पष्ट.

लतिकाने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. त्यांना वाटलं, आता ती हो म्हणेल, तुम्ही म्हणाल तसं म्हणेल. आजाऱ्याला म्हणतात तसं.

"मला जायचंय," ती म्हणाली. "तुम्हाला पडल्यावर उचलते कोण? मी. माझी कंबर आता वाकत नाही. शेजारची मुलं कधी असतात, कधी नसतात. त्या दिवशी न्हाणीघरात तुम्ही घसरलात आणि मी दाराशी नुसती हाका मारत उभी होते, ते मला अजून दिसतं. तुम्हाला घर सोडवत नाही, मला कळतं. मलाही सोडवत नाही. पण तुम्ही म्हणाल म्हणून मी राहणार नाही. बोला. माझं काय चुकतंय ते सांगा."

प्रमथेशनी तोंड उघडलं. चाळीस वर्षं ते या बाईशी वाद घालत आले होते आणि बहुतेक वेळा जिंकले होते, कारण त्यांचा आवाज मोठा होता. आत्ता त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं, आणि त्यातलं काहीही तिच्या कंबरेपेक्षा मोठं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं. डावा हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला. ती रडली नाही. वाट पाहत राहिली, न जाणो, अजून काही हरकत असेल. नव्हती.

सौम्यदीपला तिनेच फोन केला. घर भाड्याने देणार नाही, कुलूप लावून ठेवू. हिवाळा तुझ्याकडे काढू, पुढचं पुढे. तो म्हणाला, "पण बाबा तर तयार होते!" ती म्हणाली, "तुझे बाबा कधीच तयार नव्हते. त्यांना विचारायची पद्धत आपली चुकली."

पूजा अंक वेळेवर निघाला. शेवटचं प्रकरण अनादीने लिहिलं आणि ते प्रमथेशांना मुळीच आवडलं नाही. त्यात म्हाताऱ्याच्या उशाशी त्याचे लोक भांडत बसतात आणि तरीही तो मरतो. प्रमथेशांच्या मते तो जगायला हवा होता. त्यावर दोघांचा बरेच दिवस वाद चालला, घशातले आवाज एका बाजूने आणि शिव्या दुसऱ्या बाजूने. अनादी मात्र हटला नाही. "तू जगवला असतास," तो म्हणाला, "मला ते खरं वाटलं नाही. प्रकरण माझं आहे."

जगद्धात्री देवीच्या पूजेच्या मिरवणुकीचे दिवे उतरवत होते त्या सकाळी प्रमथेश आणि लतिका निघाले. गाडी दारात होती. लतिकाने कुलूप ओढून पाहिलं. प्रमथेशांना मागच्या सीटवर बसवून अनादीने त्यांच्या पायांवर शाल टाकली, दार लावलं आणि खिडकीत डोकं घालून म्हणाला, "पुढच्या वर्षीच्या अंकाचं काय ते तिकडे बसून ठरव. आणि माणसांची गोष्ट लिही. परग्रहाला आता वाचक नाहीत."

प्रमथेशनी लांब श्वास घेतला आणि त्याला एक नवाच आवाज ऐकवला, तिखट आणि लांबलचक. आजूबाजूला दिवे उतरवणारी माणसं वळून पाहू लागली.

"असं का?" अनादी म्हणाला. तो गाडीबरोबर चालू लागला, मग चालणं जमेना तेव्हा थांबला आणि मोठ्याने ओरडून आपली बाजू मांडत राहिला, गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत.