बारा महिने हिरवं बंद

त्या वर्षी चातुर्मासात खापर गावातल्या स्थानकात, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागी, जैन महाराज उतरले होते. व्याख्यान संपलं आणि कोण काय सोडणार याची विचारणा झाली, तेव्हा भीकमचंद हात जोडून उभे राहिले. चार महिने लीलोतरी बंद, म्हणाले. म्हणजे पालेभाजी, फळभाजी, फळ, जे जे ताजं आणि ओलं ते तोंडात घालायचं नाही. सभेत धन्य धन्य झालं.

त्यांच्या समोरच्या दुकानाचे उमेदमल शेठ तोवर गुमान बसले होते. सुपारी सोडावी आणि घरी जावं इतकाच त्यांचा बेत होता. पण भीकमचंद खाली बसता बसता त्यांच्याकडे बघून जरासे हसले आणि तिथंच घात झाला. शेठ ताडकन उठले, म्हणाले, "माझी बारा महिने बंद." पुढची धन्यता एवढी मोठी होती की त्यांना आपण काय बोललो ते घरी पोचल्यावर कळलं. बायकांच्या बाजूला बसलेल्या त्यांच्या सोहनबाईंना मात्र तिथंच कळलं होतं. त्यांनी पदराआड डोळे मिटून घेतले होते.

पहिले महिने मजेत गेले. मुली सासरी, मुलगा सुरतेच्या पेढीवर, घरात दोघंच. बेसनाच्या गट्ट्याची भाजी, पापडाची भाजी, मुगवड्या, वरण, कढी असा रोजचा फेरा सुरू झाला. शेठ तर म्हणायला लागले की भाजीपाला हे गुरांचं खाणं, माणसानं त्यात कशाला तोंड घालावं. कार्तिकी पुनवेला भीकमचंदांचा नेम सुटला. त्यानंतर ते रोज दुपारी ओट्यावर येऊन सावकाश हात धूत, आणि मेथीचा वास रस्ता ओलांडून शेठच्या गादीपर्यंत येई.

पौषात शेठचं बिघडलं. चूळ भरली की पाणी लाल. हिरड्या सुजल्या, पिंढऱ्या दुखायला लागल्या, गादीवरून उठताना दोन हातांचा टेकू लागे. दात तर हलायला लागले. सोहनबाई घाबरल्या. शेठही घाबरले, पण ते कबूल करतील तर उमेदमल कसले. वहाब गाडीवानाकरवी ताकदीच्या औषधाची लाल बाटली मागवली. ती संपली आणि रंगाशिवाय तिच्यात काही नव्हतं हे कळलं. मग नंदुरबारच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि लिंबू, संत्रं, पालेभाजी भरपूर खा म्हणून सांगितलं. शेठ परत आले ते डॉक्टर धर्म बुडवायला बसलाय असं म्हणतच. नेम सुटायला अजून सहा महिने होते. मोडावा तर भीकमचंद जन्मभर हसणार, पाळावा तर तोवर तोंडात एक दात उरेल याचा भरवसा नाही. आणि दातांवरच भागेल कशावरून, ही भीती त्यांना रात्रंदिवस खात होती.

बाजारच्या दिवशी मोलगीच्या बाजूची कालीबाई डोक्यावर टोपलं घेऊन दुकानात आली. चारोळी, आवळकाठी असा डोंगरातला माल ती दर बाजाराला घालायची. शेठना थुंकताना तिनं पाहिलं. डोंगरातल्या बोलीत लहानमोठा सगळ्यांना एकच 'तू', त्यामुळे शेठचाही इलाज नव्हता.

"तुन्हा तोंडमाईन रगत येस," ती म्हणाली आणि टोपल्यातल्या आवळकाठीची, म्हणजे वाळल्या आवळ्याची, मूठ पुढं केली. "हाई चाव. उन्हाळामा आम्हनाकडे पाला मियत नही, तवय आम्हना पोरे बी हाईच चावतस."

"मन्हं व्रत शे. हिरवं चालत नही."

"हाई कोठे हिरवं शे? काळं शे."

वाळवण नेमात चालतं हे शेठना ठाऊक होतंच. त्यांच्या मागच्या खोलीत आवळकाठीची पोती छतापर्यंत होती आणि दर महिन्याला ती सुरतेला रवाना होत. पण आवळकाठी म्हणजे बायकांची डोकी धुवायचा जिन्नस, ही त्यांची ठाम समजूत. शिवाय वडिलांची शिकवण अशी की विकायचा माल तोंडात घालायचा नाही. घातला की पोत्याचा तळ दिसायला वेळ लागत नाही.

तीन दिवस त्यांनी विचार केला. चौथ्या दिवशी दुपारी दाराला कडी घातली आणि स्वतःच्याच दुकानात चोरासारखे शिरून एक तुकडा तोंडात टाकला. तोंड असं वाकडं झालं की कुणी पाहिलं असतं तर वैद्याला हाक मारली असती. पण त्यावर पाणी प्याले, ते गोड लागलं.

मग रोजचंच झालं. पंधरा दिवसांत चुळीचं पाणी पांढरं झालं, महिनाभरात पाय हलके झाले. शेठ ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की हा सगळा तपाचा प्रभाव. सोहनबाईंनाही तेच सांगितलं. डोकं धुवायचा जिन्नस चघळतो हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगणार?

माघ सरता सरता एका बाजाराला कालीबाई आली. शेठकडे बघून तिनं मान हलवली.

"तू ते बरा व्हयना. शेठाणीनं काय?"

"तिले काय व्हयनं?"

"मागला बाजारले मी पाणी पेवाले आंगणमा गऊ. ती भाकर वरणमा भिजाडी भिजाडी खाय ऱ्हायनी व्हती. तिन्हा ते एक दात पडी बी गया."

"तिनं कोठे व्रत लेल शे?"

कालीबाईनं शेठकडे असं पाहिलं की ते गादीवरच जरा मागे सरकले. "एकली बाईना साठे कोन दुसरी भाजी रांधस, शेठ?"

शेठ उठले ते थेट आत गेले. सोहनबाई चुलीपाशी एकट्या जेवत होत्या. वरणात भिजवलेला भाकरीचा कुस्करा, बाजूला काही नाही. नवरा या वेळी कधी आत येत नसे, म्हणून त्या घाईनं उठायला लागल्या आणि तोंडावर पदर घेतला. तो पदर महिनाभर असाच तोंडावर आहे हे शेठच्या तेव्हा ध्यानात आलं.

"माले काब्र सांगं नही?"

"तुम्हना दात हालेत. मन्हाकडे ध्यान द्याले येळ कोठे व्हता?"

शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण सभेत उभं राहून सोडलं आणि धन्य झालो. हिनं कुणाला न सांगता सोडलं, आणि वर आपण औषध सापडल्यावर तेही मुठीत दाबून ठेवलं. त्यांनी बाहेर जाऊन उपरण्यात आवळकाठी आणली, समोर ओतली आणि चोरून खाल्ल्याचं सगळं सांगून टाकलं. सोहनबाई आधी थक्क झाल्या, मग पदराआड हसू लागल्या. तपाचा प्रभाव म्हणता म्हणता त्यांना ठसकाच लागला. शेठनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मग शेठनी बाजारातून मेथीची जुडी आणली आणि निवडायला स्वतः बसले. भीकमचंदांनी ती जुडी हातात पाहिली होती आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या खापरात बातमी होणार होती की उमेदमलांचा नेम मोडला. होऊ दे, म्हणाले. निम्मे देठ आणि थोडी मातीही पातेल्यात गेली. ती सोहनबाईंनी गुपचूप काढली.

भाजी झाली. शेठनी ताट वाढलं, एकच, आणि चुलीसमोर मांडी घातली. तीस वर्षांत बायको जेवताना ते कधी समोर बसले नव्हते. लसणाशिवायच्या त्या साध्या मेथीचा वास घरभर होता आणि शेठच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

सोहनबाईंनी घास घेतला आणि सवयीनं ताट त्यांच्याकडे सरकवलं. मग चूक लक्षात येऊन हात थांबला.

शेठनी ताट परत त्यांच्यापुढं केलं, पण जागचे हलले नाहीत. "तू खाय," ते म्हणाले. "मी आठेच बठेल शे."