परसात मुरलेलं पाणी

निवृत्त झाल्यावर मेट्रनबाईंनी पहिलं काम केलं ते परसातलं सिमेंट फोडण्याचं. तिथे चांगले खोल चर खणून त्यांनी खाली खडी, वर माती भरली आणि पाण्यात तग धरतील अशी झुडपं लावली. छपरावरचं सगळं पाणी तिथेच मुरू लागलं. "इतकी वर्षं डॉक्टरांची जिरवली, आता पाणी जिरवतेय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

शहराचा नवा नियम होता. बांधकाम करणाऱ्याने आपल्या जागेतलं पावसाचं पाणी जागेतच मुरवायचं. ते जमत नसेल, तर दुसऱ्या कुणी मुरवलेल्या पाण्याचं क्रेडिट विकत घ्यायचं. पालिकेचा इंजिनियर परस बघून गेला आणि बाईंचं क्रेडिट बाजारात आलं. ते हातोहात खपलं. कुणी घेतलं, हे बाईंनी विचारलं नाही. त्या पैशांतून त्यांनी धाकट्या भावाला नवं शिलाई मशीन घेऊन दिलं.

भाऊ सोफ्यांची कव्हरं शिवायचा. दुकान उताराच्या गल्लीत, तळघरात. गल्लीच्या वरच्या टोकाला मोकळी जागा होती. तिथे एका मोठ्या फर्निचरवाल्याने गाड्या लावायला या टोकापासून त्या टोकापर्यंत काँक्रीट ओतलं. त्यानंतरच्या एका जोरदार पावसात ते सगळं पाणी गल्लीतून धावत आलं आणि पायऱ्या उतरून दुकानात शिरलं. भाऊ आणि भावजय बादल्यांनी उपसत राहिले, पण फोम, कापड, गिऱ्हाइकांचे सोफे, मशीन, काही म्हणता काही वाचलं नाही.

"डोक्याला हात लावून बसू नकोस. चल माझ्याबरोबर," ताई म्हणाल्या आणि भावाला घेऊन थेट पालिकेत गेल्या.

इंजिनियरने शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, यात नियमाबाहेर काहीच नाही. त्यांनी क्रेडिट घेतलंय."

"कुणी मेल्याने विकलं ते? दुसऱ्याच्या घरात पाणी घालताना लाज नाही वाटली?"

इंजिनियरने आधी भावाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "ते तुमच्याच परसाचं आहे, बाई."



"तुला माहीत होतं, ताई?" भावाने विचारलं.

"नाही रे."

"निदान विचारायचंस तरी."

"मला ते परत घ्यायचंय," बाई इंजिनियरला म्हणाल्या.

"विक्री एका वर्षाची असते, तोवर नाही घेता येणार. आणि पाणी इथे मुरलं काय, तिथे मुरलं काय, नदीच्या दृष्टीने एकच."

"माझ्या दुकानात नदी नाही शिरत, साहेब," भाऊ म्हणाला. "गल्ली शिरते."

वर्ष संपल्यावर बाईंनी क्रेडिट विकायला साफ नकार दिला. फर्निचरवाल्याने ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेकडून घेतलं. काँक्रीट होतं तसंच राहिलं. पुन्हा पाणी शिरलं तेव्हा भावाने दुकान सोडलं आणि गाद्यांच्या कारखान्यात नोकरी धरली.

भावजयीने ताईंकडे येणं बंद केलं. भांडण नाही, तंडण नाही. बोलावलं की काहीतरी काम निघे. भाऊ मात्र सुटीच्या दिवशी येतो. त्याच्याजवळ सांगण्यासारखं फारसं नसतं. आठवडाभराच्या कामाने अंग आंबलेलं असतं. चहा पिता पिता खुर्चीतच त्याचा डोळा लागतो. बाई त्याच्या हातातला कप हलकेच काढून घेतात आणि तो जागा होईपर्यंत समोर बसून राहतात.